तारीख चुकली की हिशोब गप्प राहून खोटं बोलतो



बिलिंग, उधारी, स्टॉक हे सगळं वहीतून काढून कॉम्प्युटरवर न्यायचं, हे आता बहुतेकांना पटलंय. कुणी एक्सेलवर आहे, कुणी गूगल शीट्सवर, कुणी एखाद्या मुलाकडून छोटं सॉफ्टवेअर बनवून घेतलंय आणि त्याच्या पोटात मायएसक्यूएल किंवा अॅक्सेसचा डेटाबेस आहे. छान आहे. पण डेटा भरणं हे अर्धं काम. खरी मजा त्या डेटाला प्रश्न विचारण्यात आहे. "एप्रिलमध्ये विक्री किती झाली?" "कोणाची उधारी पंचेचाळीस दिवसांच्या वर गेली?" "कोणता माल पुढच्या महिन्यात एक्स्पायर होतोय?" डेटाबेसला विचारलेल्या अशा प्रश्नालाच क्वेरी म्हणतात.

आता या तीनही प्रश्नांकडे परत एकदा बघा. तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे: तारीख. धंद्यातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न तारखेवर येऊन टेकतो. आणि नेमकी तीच गोष्ट आपण सगळ्यात निष्काळजीपणे लिहितो.

माझं मत सरळ आहे. तुमच्या डेटात तारीख कशी लिहायची आणि तारखेचा प्रश्न कसा विचारायचा, हे मालकाने ठरवायचं. ते सॉफ्टवेअरवाल्या मुलावर, अकाउंटंटच्या असिस्टंटवर किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगवर सोडायचं नाही. कारण चूक झाली तर कॉम्प्युटर ओरडत नाही. तो शांतपणे चुकीचा आकडा देतो, आणि त्या आकड्यावर आपण माल भरतो, टॅक्स भरतो, लोकांकडे पैसे मागतो.

वहीत चालत होतं, इथे का चालत नाही?

रोजमेळाची वही आठवा. पानाच्या डोक्यावर तारीख, खाली त्या दिवसाचे व्यवहार. कुणी घाईत नुसतं ३/४ लिहिलं तरी अडत नव्हतं. आधीच्या पानावर २/४ आहे, पुढच्या पानावर ४/४ आहे, म्हणजे हे तीन एप्रिल. पानांचा क्रमच तारखेची साक्ष देत होता.

डेटाबेसमध्ये पानं नसतात. सगळ्या नोंदी एका मोठ्या पेटीत टाकल्यासारख्या असतात. कोणती आधीची, कोणती नंतरची हे सांगणारी एकच खूण उरते, ती म्हणजे तुम्ही लिहिलेली तारीख. ती खूण दोन अर्थांची निघाली, तर बाजूला साक्ष द्यायला कोणी नाही.

आणि ०३/०४/२०२५ ही खूण दोन अर्थांची आहे. आपल्याकडे ती तीन एप्रिल. अमेरिकन पद्धतीत आधी महिना येतो, म्हणून तिथे ती चार मार्च. आपण वापरतो त्यातली बरीच सॉफ्टवेअर अमेरिकेत बनलेली आहेत आणि सेटिंग बदललं नसेल तर ती त्यांच्याच पद्धतीने वाचतात.

आता गंमत बघा. २५/०४/२०२५ मध्ये असा घोळ होत नाही, कारण पंचविसावा महिना नसतोच. घोळ होतो तो प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत. त्यातही ०१/०१, ०२/०२ अशा तारखा दोन्हीकडून वाचल्या तरी सारख्याच. म्हणजे प्रत्येक महिन्यात अकरा धोक्याच्या तारखा, वर्षाला १३२. उरलेले दिवस सगळं सुरळीत दिसतं, म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. सगळ्या तारखा चुकल्या असत्या तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं!

अॅक्सेसमध्ये तर हे अगदी नेमकं असंच होतं. अॅक्सेसच्या क्वेरीत तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये लिहितात. तिथे #०३/०४/२०२५# लिहिलं तर तुमच्या विंडोजचं सेटिंग भारताचं असलं तरी ती तारीख चार मार्च धरली जाते. पण #२५/०४/२०२५# लिहिलं की तोच अॅक्सेस समजूतदारपणे पंचवीस एप्रिल धरतो. एकाच महिन्याच्या तारखा, दोन वेगळे अर्थ, आणि एरर एकही नाही.

एक्सेलची वेगळी तऱ्हा. कॉम्प्युटरचं रिजनल सेटिंग अमेरिकेचं असेल आणि तुम्ही सीएसव्ही फाइल उघडली, तर बारा तारखेपर्यंतच्या नोंदींमध्ये दिवस आणि महिना उलटतात. तेराच्या पुढच्या नोंदी तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत, नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. ओळखायची सोपी खूण सांगतो: कॉलमची अलाइनमेंट बदललेली नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही उजवीकडे, काही डावीकडे दिसलं की समजायचं, गडबड आहे.

एका उलट्या तारखेची किंमत

"सर, एवढ्याशा गोष्टीने काय होतं?" असं वाटत असेल तर हे उदाहरण घ्या.

समजा तुमचं मसाल्याचं छोटं युनिट आहे, उद्यमवर नोंदणी आहे, आणि तुम्ही एका मोठ्या कंपनीला माल देता. एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि करार काहीही असला तरी ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. मुदत उलटली तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज मागता येतं. म्हणजे कायद्याने तुमच्या हातात चांगलं हत्यार दिलंय. पण त्या हत्याराला धार तारखेची आहे.

कंपनीने माल स्वीकारला ४ मार्च २०२५ ला. करार ४५ दिवसांचा. मुदत संपते १८ एप्रिलला. तुम्ही डेटात ०४/०३/२०२५ लिहिलं आणि सॉफ्टवेअरने ते अमेरिकन पद्धतीने ३ एप्रिल असं वाचलं. आता त्याच्या हिशोबाने मुदत १८ मे. पूर्ण तीस दिवस तुम्ही गप्प बसणार, कारण तुमच्या थकबाकीच्या यादीत ते नावच येणार नाही. छोट्या धंद्याला तीस दिवस अडकलेला पैसा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता उलटं करा. माल गेला ३ एप्रिलला आणि वाचला गेला ४ मार्च. मग मुदत संपायच्या तब्बल महिनाभर आधी तुम्ही पार्टीला फोन करून "साहेब, पेमेंट लेट झालंय" म्हणणार. समोरचा माणूस बिल काढून दाखवणार. पैसे जाणार नाहीत, पण शब्दाची किंमत जाईल.

अजून एक गोष्ट लक्षात आली का? ४ मार्च २०२५ हे आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये येतं आणि ३ एप्रिल २०२५ हे २०२५-२६ मध्ये. दिवस आणि महिना नुसते जागा बदलून बसले आणि बिल एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात गेलं.

इथेच एक पोटमुद्दा. कायद्याची मुदत मोजली जाते ती माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून. बिलाची तारीख आणि माल पोचल्याची तारीख वेगळी असू शकते. म्हणून टेबलमध्ये दोन वेगळे कॉलम ठेवा: बिल_तारीख आणि स्वीकार_तारीख. एकाच कॉलमवर दोन कामं लादली की कधीतरी भांडण होतंच.

पहिला नियम: वर्ष-महिना-दिवस

या सगळ्यावर उपाय अवघड नाही. मोठं आधी, लहान नंतर. वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२५-०४-०३. वर्ष चार आकडी, महिना आणि दिवस दोन आकडी, लागेल तिथे पुढे शून्य. आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ सालापासून हेच सांगतंय. असं लिहिलं की ते भारतात, अमेरिकेत, जपानमध्ये, कुठेही एकाच पद्धतीने वाचलं जातं.

(एक सूचना: इथे मी आकडे मराठीत छापलेत, आणि क्वेरीतले शब्दही देवनागरीत आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना आकडे इंग्रजीच टाका.)

कुठे कसं लिहायचं ते थोडक्यात:

- मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस: एकेरी अवतरण चिन्हात, '२०२५-०४-०३'.
- अॅक्सेस: हॅशमध्ये, पण क्रम हाच, #२०२५-०४-०३#.
- ओरॅकल: आधी डेट हा शब्द, मग अवतरण चिन्हात तारीख, डेट '२०२५-०४-०३'.
- गूगल शीट्सचं क्वेरी फंक्शन: इथेही तसंच, डेट '२०२५-०४-०३'. बरेच जण इथे नुसती तारीख टाकतात आणि मग "चालत नाही" म्हणून सोडून देतात.
- एसक्यूएल सर्व्हर: जुन्या डेटटाइम प्रकारच्या कॉलमसाठी मधल्या रेषा काढून सलग आठ आकडे सगळ्यात सुरक्षित, '२०२५०४०३'. काही भाषा-सेटिंगमध्ये रेषांसह लिहिलेल्या तारखेतही तो दिवस आणि महिना उलटे धरतो.
- एक्सेल: सूत्रात तारीख लागली तर डेट फंक्शन वापरा आणि वर्ष, महिना, दिवस हे तीन आकडे स्वल्पविरामाने द्या. त्यात अंदाजाला जागाच नाही.

वर्ष दोन आकडी लिहायची सवय मात्र आजच सोडा. मायएसक्यूएलला दोन आकडी वर्ष दिलं तर ७० ते ९९ म्हणजे १९७० ते १९९९, आणि ०० ते ६९ म्हणजे २००० ते २०६९ असं तो धरतो. तुमचं ब्यूटी पार्लर किंवा टेलरिंगचं दुकान आहे, ग्राहकांना वाढदिवसाचा मेसेज पाठवता, आणि एखाद्या काकूंचं जन्मवर्ष ६५ लिहिलंत, तर डेटाबेसच्या मते काकूंचा जन्म अजून व्हायचाय!

आता एक आक्षेप नेहमी येतो: "आपली पद्धत दिवस-महिना-वर्ष आहे. ती का सोडायची?" अजिबात सोडू नका. बिलावर, लेबलवर, व्हॉट्सअॅपवर ग्राहकाला दिसताना ०३/०४/२०२५ किंवा ३ एप्रिल २०२५ असंच दिसू दे. मी सांगतोय ते साठवण्याबद्दल आणि प्रश्न विचारण्याबद्दल. घरात धान्य कोठीत वेगळ्या पद्धतीने ठेवतो आणि ताटात वेगळ्या पद्धतीने वाढतो, तसंच हे.

दुसरा नियम: तारीख ही तारीख म्हणूनच साठवा

सॉफ्टवेअर बनवून घेताना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे: "तारखेच्या कॉलमचा प्रकार काय ठेवलाय?" उत्तर "टेक्स्ट" किंवा "व्हारकॅर" आलं तर तिथेच थांबवा. उत्तर "डेट" किंवा "डेटटाइम" यायला हवं.

का? कारण मजकूर म्हणून साठवलेली तारीख डेटाबेस अक्षरांसारखी डावीकडून तुलना करतो. समजा तुमच्याकडे लोणच्याचे तीन लॉट आहेत. त्यांच्या एक्स्पायरी २८/०५/२०२५, ०८/०६/२०२५ आणि ०५/१२/२०२५. तुम्ही विचारलं, "१०/०६/२०२५ च्या आधी एक्स्पायर होणारे लॉट दाखव." मजकुराच्या हिशोबाने ०५ हा १० पेक्षा लहान, म्हणून डिसेंबरचा लॉट यादीत येतो. आणि २८ हा १० पेक्षा मोठा, म्हणून २८ मेला एक्स्पायर होणारा लॉट यादीत येतच नाही! जो माल सगळ्यात आधी काढायला हवा तोच लपला. हा नुसता हिशोबाचा प्रश्न राहत नाही, कुणाच्या तरी ताटाचा प्रश्न होतो.

काही वेळा पर्याय नसतो. एसक्यूलाइट हा मोबाइल अॅपमध्ये खूप वापरला जाणारा छोटा डेटाबेस आहे आणि त्यात तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही. तिथे तारीख मजकूर म्हणून ठेवायची झाली, तर वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवा. या क्रमाचा मोठा फायदा म्हणजे मजकूर म्हणून लावलेली क्रमवारी आणि खऱ्या तारखांची क्रमवारी एकच येते. फाइलींच्या नावातही हीच युक्ती वापरा, फोल्डर आपोआप ओळीत लागतं.

तिसरा नियम: "पासून" घ्या, पण "पर्यंत" नको

एप्रिलची विक्री काढायची म्हटलं की सगळ्यांच्या हातून हीच क्वेरी लिहिली जाते:

बिल_तारीख बिटवीन '२०२५-०४-०१' अँड '२०२५-०४-३०'

वाचायला सरळ वाटते. कॉलममध्ये नुसती तारीख असेल तर ती बरोबरही आहे. पण बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बहुतेकदा तारखेबरोबर वेळही साठवलेली असते. आणि नुसतं '२०२५-०४-३०' लिहिलं की डेटाबेस ते "३० एप्रिल, मध्यरात्रीचे ००:००" असं समजतो. म्हणजे ३० तारीख उजाडताक्षणी हिशोब बंद! त्या दिवशी सकाळी दहाला, दुपारी चारला, रात्री नऊला फाडलेली सगळी बिलं बाहेर.

महिनाअखेरीचा दिवस म्हणजे बऱ्याच धंद्यांत मोठा दिवस. तो पूर्ण दिवस विक्रीतून गायब. त्याच आकड्यावरून तुम्ही जीएसटीचं रिटर्न भरलं तर? दरमहा रिटर्न भरणाऱ्याला एप्रिलचं जीएसटीआर-१ हे ११ मेपर्यंत आणि ३बी हे २० मेपर्यंत भरायचं असतं. कर कमी भरला गेला तर उरलेल्या रकमेवर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. चोरी केली नाही, लबाडी केली नाही, तरी भुर्दंड.

काही जण यावर '२०२५-०४-३० २३:५९:५९' असा उपाय करतात. चालतं, पण ठिगळ आहे. सेकंदाचे भाग साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये शेवटच्या सेकंदातली नोंद तरीही सुटू शकते. शिवाय दर महिन्याला ३० की ३१, फेब्रुवारी २८ की २९, हे डोक्यात ठेवावं लागतं.

त्यापेक्षा हे लिहा:

बिल_तारीख >= '२०२५-०४-०१' अँड बिल_तारीख < '२०२५-०५-०१'

मराठीत सांगायचं तर "एक एप्रिल धरून, एक मेच्या आधीपर्यंत". महिना कितीही दिवसांचा असो, वेळ असो वा नसो, उत्तर बरोबर. आर्थिक वर्षासाठी '२०२४-०४-०१' पासून आणि '२०२५-०४-०१' च्या आत. एका दिवसासाठी तो दिवस धरून दुसऱ्या दिवसाच्या आत. एकच साचा, सगळीकडे चालतो.

चौथा नियम: तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो?

हा मुद्दा फार कमी लोक विचारात घेतात. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. क्लाउडवरच्या अनेक सिस्टिम वेळ यूटीसीमध्येच साठवतात. दुपारच्या व्यवहारांत फरक पडत नाही, कारण तारीख तीच राहते. पण आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत झालेला व्यवहार यूटीसीच्या हिशोबाने आदल्या तारखेला पडतो.

आता विचार करा, या वेळेत धंदा कोणाचा असतो? दादरच्या फुलबाजारातला, पहाटेच्या भाजी मार्केटमधला, दूध पोचवणारा, रात्रीच्या ऑर्डर घेणारा क्लाउड किचनवाला. म्हणजे आपलेच लोक. १ एप्रिलला पहाटे चारला फुलांचा सौदा झाला, तर यूटीसीत ती वेळ ३१ मार्चची रात्री साडेदहा. परत तेच, बिल मागच्या आर्थिक वर्षात!

उपाय दोन. एक, सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की वेळ कोणत्या झोनमध्ये साठवली जाते आणि रिपोर्ट काढताना भारतीय वेळेत बदलली जाते का. गूगल शीट्समध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल आणि टाइम झोन दोन्ही भारताचे आहेत ना ते बघा. दोन, तुमचा धंदा मध्यरात्र ओलांडत असेल तर "व्यवसाय_दिवस" असा वेगळा कॉलम ठेवा. शनिवारी रात्री एक वाजता झालेली ऑर्डर कॅलेंडरने रविवारची, पण गल्ल्याच्या दृष्टीने शनिवारची. बिलावर खरी तारीख आणि वेळच राहील. गल्ला जुळवायला दुसरा कॉलम वापरायचा. कॉम्प्युटरला तुमचा धंदा कळत नाही, तुम्हाला कळतो.

आणि आपलं कॅलेंडर वेगळं आहे, हे विसरू नका

तारीख नीट लिहिली तरी प्रश्न चुकीचा विचारला तर उत्तर चुकीचंच. मोदक, मखर, पूजेचं साहित्य विकणाऱ्यांनी हे खास वाचा. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तुम्ही "ऑगस्ट २०२४ विरुद्ध ऑगस्ट २०२५" अशी तुलना केलीत, तर धंदा जोरात वाढला असं दिसेल. सप्टेंबरची तुलना केलीत तर बुडाला असं दिसेल. दोन्ही खोटं.

बरोबर प्रश्न असा: "चतुर्थीच्या आधीच्या पंधरा दिवसांत विक्री किती?" २०२४ साठी '२०२४-०८-२३' पासून '२०२४-०९-०७' च्या आत, आणि २०२५ साठी '२०२५-०८-१२' पासून '२०२५-०८-२७' च्या आत. दोन्हीकडे नेमके पंधरा दिवस. तिसऱ्या नियमाचा साचा इथेही कसा कामाला आला बघा: शेवटची तारीख चतुर्थीचीच लिहायची, ती आपोआप वगळली जाते.

सणांच्या तारखांचं एक छोटं टेबल करून ठेवा: सण, वर्ष, तारीख. दरवर्षी कालनिर्णय घरी आलं की दहा मिनिटांत भरून होतं. पुढच्या वर्षीचा कच्चा माल किती भरायचा, याचा अंदाज त्या दहा मिनिटांवर सुधारतो.

"आता तर एआय क्वेरी लिहून देतो की!"

देतो, आणि वापरा. मी त्याच्या विरोधात नाही. पण तुमचा कॉलम मजकूर आहे की तारीख, त्यात वेळ आहे की नाही, वेळ कोणत्या झोनची आहे, तुमचा दिवस रात्री किती वाजता संपतो, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं? आणि हे सांगायचं असेल तर आधी तुम्हाला माहीत हवं. गाडीला ड्रायव्हर ठेवला तरी कुठे जायचंय ते मालकालाच सांगावं लागतं.

म्हणूनच मी म्हणतो, हा विषय कोडिंगचा कमी आणि मालकीचा जास्त आहे. सॉफ्टवेअरवाला मुलगा उद्या दुसरीकडे नोकरीला जाईल. तुमचा डेटा दहा वर्षं तुमच्याकडे राहणार आहे. त्यातल्या तारखा खऱ्या असतील तर तो डेटा म्हणजे भांडवल. नसतील तर नुसती जागा अडवणारी फाइल.

या आठवड्याचं काम

वाचून सोडू नका, एवढं करा:

१. तुमच्या बिलांच्या डेटातून कोणत्याही महिन्याच्या १ ते १२ तारखांमधली पाच बिलं काढा आणि कागदावरच्या बिलाशी तारीख ताडून बघा. १३ ते ३१ मधली तपासू नका, ती बरोबरच दिसतील.

२. मागच्या महिन्याची विक्री दोन्ही पद्धतींनी काढा, बिटवीन वापरून आणि "पासून, च्या आत" वापरून. फरक आला तर महिन्याच्या शेवटच्या दिवसाची बिलं बघा, आणि भरलेल्या रिटर्नबद्दल तुमच्या सीएंशी बोला.

३. सॉफ्टवेअरवाल्याला दोन प्रश्न विचारा: तारखेचा कॉलम कोणत्या प्रकारचा आहे? वेळ कोणत्या झोनची आहे?

४. दुकानात, ऑफिसात, जिथे डेटा भरला जातो तिथे भिंतीवर एक कागद चिकटवा: "तारीख अशी लिहा: वर्ष-महिना-दिवस."

तासाभराचं काम आहे. दुसऱ्या पायरीत फरक किती निघाला, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. रक्कम नका सांगू, फक्त फरक आला की नाही एवढं सांगा. आणि ज्या मित्राने नुकतंच नवीन सॉफ्टवेअर घेतलंय, त्याला हा लेख आजच पाठवा. डेटा भरायच्या आधी नियम ठरवणं पाच मिनिटांचं काम असतं, तीन वर्षांचा डेटा दुरुस्त करणं तीन महिन्यांचं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.